ओटी टेस्ट

सकाळी सहाले मी व्हॉल्व खोलतो.
आधी खालचा मोहल्ला, मंग शाळा, मंग वरची लाइन.
पाइपातून पयले हवा येते, खोकल्यासारखी,
मंग पाणी.
सोळा वर्षं झाले,
गाव मले नावानं हाक मारत नाई,
टाकीवाला म्हणते.

उईक्याच्या दारापुढं लाइन नालीतून जाते.
तिथं लिकेज होतं.
ग्रामपंचायतीत सांगतलं. म्हणे, फंड आला की पाहू.
मंग मीच सायकलची जुनी ट्यूब फाडली
अन् आवळून गाठ मारली.
गाठ चांगली होती.
मले अजूनही वाटते, गाठ चांगली होती.

पण लाइट गेली, मोटर थांबली,
की पाइप उलटा श्वास घेते,
हे मले कोणी सांगतलं नव्हतं.
जिथून पाणी बाहेर येते
तिथूनच नाली आत जाते.

पयले नैतिक उईके पडला.
भाताचा वास आला की ओके.
मंग त्याची बहीण, मंग शाळेतले दोघं,
मंग मोजनंच सोडलं.
तान्ह्या पोळ्याले लाकडाचे बैल घेऊन
पोट्टे मारुतीपुढं उभे राहिले
तवा समजलं,
रांगेत अकरा बैल कमी होते.

नैतिकची माय त्याले झाडाले घेऊन गेली.
तो बुवा चुन्याच्या पाण्यात हात धुते,
पाणी पिवळं होते, सारे म्हणतात उतरली.
मीबी गेलो होतो संगं.
पाणी खरंच पिवळं झालं.
पोराचे डोळे
गेले तसेच वापस आले.

मंग आशाताई आली, कुमरेबाई.
माह्या हातात काचेची नळी देली.
'नळाचं पाणी घ्या, टाकीवाले. आता याचे दोन थेंब.
याले ओटी टेस्ट म्हणतात.'
नळावरच्या बाया हासल्या,
'बाईची भरतात माय ओटी, नळाचीबी भरतात का?'
मी नळी उन्हात धरली.
पाणी होतं तसंच राहिलं.
कुमरेबाई हासली नाई.
'ब्लिचिंग नाई यात.
हे पिवळं व्हाले पाहिजे, भाऊ.
इथं पिवळं दिसलं
त पोट्ट्याच्या डोळ्यात दिसाची पाळी येत नाई.'

एकोणीस दिवसांनी लाइन नालीतून वर आली.
तोवर घरोघर पाणी उकळलं, खदखद,
थंड व्हायची वाट पाहत पोट्टे भांडले.
शाळेतला साबण चोरीले जाते
म्हणून कुमरेबाईनं जुन्या मोज्यात घालून
नळाले बांधला.
संडासातून आले की, जेवाच्या आधी,
पोट्टे त्या मोज्याचे कान पिळतात.

माही रिद्धी चार वर्षाची.
वणीचा डॉक्टर म्हणे, या काविळीची लस हाय.
आपल्या सरकारी दवाखान्यात भेटन का?
'तिथं नाई भेटत, इकत घ्या लागते.
आता एक, सहा महिन्यांनी दुसरी.'
आकडा आयकून
मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहत राहिलो.
मोबाइल बदलाचा होता.
नाई बदलला.

नैतिकच्या मायले तीन दिवस मी हे सांगतलं नाई.
चौथ्या दिवशी सांगतलं.
ट्यूबचंबी सांगतलं.
ती तांदूळ निवडत होती.
सूप खाली नाई ठेवलं तिनं.
खूप वेळानं बोलली,
'याचा लहाना बाकी हाय अजून.
डॉक्टरचं नाव लिहून दे.'

दिवाळी झाल्यावर नैतिक टाकीवर आला,
थोडा वाळलेला, पण वटवट तेवढीच.
मी नळीत थेंब टाकले.
'काका, पाण्याले कावीळ झाली का?'
'हाव,' म्हटलं, 'त्यालेच होऊ दे.'

पंपहाउसच्या दारामागं मी आता खडूनं लिहितो.
तारीख. ब्लिचिंग किती. ओटी पिवळी का नाई.
अन् त्याच रांगेत, खाली,
पुसू नये म्हणून दोनदा गिरवलेलं:
चौदा मार्च, दुसरी सुई,
रिद्धी,
अन् उईक्याचा लहाना.