साय

गोरेगावच्या सत्तावीस नंबरच्या गाळ्यात
रेकॉर्डिंग सुरू झालं की एसी बंद करावा लागतो,
घरघर माइकमध्ये शिरते म्हणून.
मग काचेपलीकडे हेमांगी
ओढणीने मान पुसत सांगते,
"इथे तापमान उणे चाळीस."
फिरदौस म्हणतो, परत घे.
घाम ऐकू येतोय.

मी संहिता लिहिते.
म्हणजे त्यांनी तिकडे बोललेलं इकडे आणते,
तेवढ्याच सेकंदांत बसवून.
सील मरायला चार सेकंद लागतात.
आपल्यात क्रियापद शेवटी येतं,
तोवर ती मेलेली असते.

मूळ पानांवर बर्फाला अकरा शब्द होते.
मी माझ्याकडचे मांडले:
बर्फ. हिम.
मग लादी, हातगाडीवर गोणपाटाखाली ठिबकणारी,
रसवंतीशी पोचेस्तोवर अर्धी.
चुरा, गोळेवाल्याच्या रंध्याखालचा.
खडा, बाबांच्या ग्लासातला,
ज्याचा आवाज आला की आम्ही आतल्या खोलीत जायचो.
संपलं.
चिखलाचं विचारलं असतं कुणी
तर रेंदा, राड, गाळ, रबरबाट,
संध्याकाळपर्यंत सांगत बसले असते.

त्यांच्या पडद्यावर समुद्र पहिल्यांदा गोठू लागतो
तेव्हा हलायचा थांबत नाही,
नुसता जड होतो.
लाट येते, पण फुटायची विसरते.
वर काहीतरी धरू लागतं.
हे आठ वेळा पाहिलं आणि घरी आले,
विक्रोळीला, कन्नमवारनगरात,
गॅसवरून पातेलं उतरवलं, पंखा लावला,
आणि तिथेच उभी राहिले.

साय.

त्यानंतर भराभर आले.
भाकरीचा पापुद्रा,
पातेल्याच्या बुडाची खरवड,
तांदळाची कणी, लाडू बिघडल्यावर उरतो तो भुगा.
माझा अख्खा ध्रुव
ओट्याच्या अडीच फुटांत उभा राहिला.

दिल्लीहून ईमेल आला:
"साय हा शब्द फार घरगुती वाटतो. हिमस्तर करावे."
मी उत्तर लिहायला घेतलं, खोडलं.
हेमांगीने साय असंच वाचलं, एकदाच,
आणि हेडफोन काढून ठेवले.

अस्वलिणीच्या पावलांचा आवाज
मुळात आलाच नव्हता.
कॅमेरा मैलभर लांब होता, कुणी ऐकणार कसा?
फिरदौसने पायमोज्यात मक्याचं पीठ भरलं
आणि मुठीने दाबत दाबत
तिला दोन दिवस चालवली.
पिल्लांसाठी छोटे मोजे, त्याच्या लेकीचे,
जे आता तिला होत नाहीत.

पहिल्या भागात पिल्लं दोन.
तिसऱ्यात एक.
मधे काय झालं ते चित्रात नाही,
संहितेतही नाही.
तिथे फक्त एवढंच:
अकरा सेकंद शांतता.

दुसरं? हेमांगीने विचारलं.
मी पानं मागेपुढे केली.
फिरदौस एक छोटा मोजा हातात धरून
तसाच बसलेला.
हा ठेवू का बाजूला?
कुणी काही बोललं नाही, आणि तेवढ्यात
अकरा सेकंद भरले.
वरच्या गाळ्यात कुणीतरी टेबल सरकवलं होतं.
ते राहून गेलंय तसंच.
कान देऊन ऐकलं तर
लांब कुठे बर्फ तडकल्यासारखं वाटतं.

शेजारची कस्तुरी, वय सहा,
हे सगळं तीनदा बघून झालेली.
काल तिची आई म्हणाली, तुमच्यामुळे
हिचं दूध पिणं सुटलं, आता तुम्हीच बघा.
मी बघायला गेले.
टेबलावर कप. कस्तुरी हनुवटी टेकवून
कपाच्या काठाइतक्या उंचीवर डोळे आणून बसलेली.
मी चमचा पुढे केला
तर तिने माझं मनगट धरलं.

"थांब ना.
ती अजून पलीकडे पोचली नाहीये."

थांबले.
कुठल्या टोकाला बघायचं ते मला कळेना.
दूध निवत गेलं,
साय थोडी जाड झाली.