प्रतिष्ठित रहिवासी

रात्री साडेदहाला पोलीसबाई दारात.
सातशे बिड्या वळून झाल्या होत्या, तीनशे बाकी.
म्हणाली, मावशी, पंच म्हणून चला,
कायद्यात बाई लागते, त्याच भागातली, प्रतिष्ठित.
तो शब्द मी दोनदा विचारून घेतला.
मग सुपातला तंबाखू झाकला, लुगडं बदललं
आणि प्रतिष्ठित होऊन जीपमध्ये बसले.

लॉज अक्कलकोट रोडला, मागांच्या शेडमागं.
वर चार खोल्या, चौथीला खिडकी नाही.
साहेब सांगत गेले, रायटर लिहीत गेला:
सदर खोलीत लोखंडी कॉट एक,
प्लास्टिकची बादली एक, निळी,
रोख रुपये चौदाशे, पैकी एक नोट फाटकी,
सोलापुरी चादर एक, मोराच्या नक्षीची, वापरलेली.

मोर डावीकडं बघत होता.
तो मोर आमच्या ह्यांनी सहा वर्षं विणला,
त्या खडखडाटात एक कान गेला त्यांचा.
म्हटलं, हे लिहायचं का?
साहेब म्हणाले, संबंध नाही.

मुलगी भिंतीला पाठ लावून बसलेली.
नावं तिनं तीन सांगितली.
मी एकही सांगणार नाही, तसा कायदा आहे,
आणि एवढा एक कायदा मला पटतो.
सगळे खाली उतरत होते तेव्हा
तिनं हळूच तेलुगूत विचारलं,
आक्का, त्या कागदात मी कुठं आहे?
बादलीच्या वर, की खाली?

मागच्या दारानं जो पळाला
त्याची एक चप्पल राहिली होती, नऊ नंबर.
चप्पल लिहिली.
पाय लिहिला नाही.

सही मी तेलुगूत केली: भूदेवी नरसय्या कुरापाटी.

तीन वर्षांनी कोर्टात
लॉजवाल्याचे वकील हसत उठले.
बाई, मराठी वाचता येत नाही, मग सही कशावर केलीत?
काय काम करता? बिड्या वळता?
वळते. हजारात छाट किती निघणार
ते डोळे मिटून सांगते.
आणि डोळे मिटूनच सांगत गेले:
कॉट, बादली निळी, चौदाशे, फाटकी नोट,
मोर, डावीकडं बघणारा,
चप्पल, नऊ नंबर, उजव्या पायाची.
वकिलांनी कागद चाळला. उजवा पाय त्यात नव्हता.
पुढची तारीख मिळाली.
अजून मिळतेय.

परवा युनियनच्या खोलीत बागवान वकीलबाई आल्या,
कायद्यात काय बदलावं विचारत, सरकारला पाठवायला.
कुणी म्हणाली दंड वाढवा, कुणी फाशी म्हणाली.
मी म्हटलं, ती अकरा महिने सुधारगृहात होती,
बाहेरून कुलूप. त्याला सुटका म्हणतात.
रस्त्यात उभी राहिली तर तिला कलम आहे,
जिना चढला त्याला कुठलं?
वकीलबाई भराभर लिहीत होत्या.

आणि अजून एक, म्हटलं,
ते प्रतिष्ठित काढा तेवढं. शेजारीण लिहा.

का, म्हणून त्यांनी विचारलं.
मला पटकन सांगता येईना.
त्या जिन्यासमोरून दर शनिवारी
मी बिड्या द्यायला कारखान्यात जायची,
डोक्यावर टोपली, नऊ वर्षं.
वर कधी बघितलं नाही.
टोपली होती ना डोक्यावर.