पोटजातीची अट नाही

रजिस्टरात सहावा रकाना: पोटजात.
पोटानं चालणाऱ्यांसाठी याहून नेमका शब्द
बत्तीस वर्षांत मला सापडलेला नाही.

अकरा नंबर, मादी. जांबुघोड्याच्या बाजूला
मक्याच्या शेतात, कुंपणाच्या जाळीत अडकलेली.
सतरा नंबर, नर. गुवाहाटीच्या गाडीतून
चहाच्या खोक्यात घडी घालून आलेला;
स्टेशनवर सोडवून न्यायला कुणी आलंच नाही.
दोघांच्या मध्ये एक जाळी,
आणि फरक म्हणाल तर डोळ्याखाली:
हिच्या ओठाचा खवला थेट डोळ्याला भिडतो,
त्याच्या मध्ये बारक्या खवल्यांची एक ओळ येते.
बघायला भिंग लागतं.

डिसेंबरात विश्वामित्रीवरून गार वारा सुटला
की अकरा नंबर खाणं सोडते.
सतरा नंबर रात्रभर जाळीला नाक घासतो.
सकाळी जेसंगभाई, डॉक्टर ओरडले तरी,
त्या नाकाला हळद लावतो
आणि मला म्हणतो, बेन, बेय अजगरज छे ने?
उघडा की दार.

साहेबांनाही तेच हवंय. पिल्लं झाली की
पेपरात फोटो येतो, फोटोमागून देणगी.
डॉक्टर पागे चष्मा पुसत म्हणतात,
अंडी होतील. उबतीलही. प्रश्न तो नाहीच.
मग माझ्याकडे बघतात.

बघणारच. एकोणनव्वद साली, दांडिया बाजारात,
माझ्या लग्नाला मामा आले, अक्षता टाकल्या,
आणि पानं मांडायच्या आत निघून गेले.
दोन्ही घरं इथलीच, चार पिढ्यांची,
दोन्हीकडे आमटीत गूळ,
आमच्यात जरा जास्त.
पुढं धाकटीची जाहिरात मीच लिहिली,
शब्दामागं पैसे पडत होते तरी तीन शब्द वाढवून:
पोटजातीची अट नाही.

आणि आज किल्ली माझ्याकडे आहे,
तर मी नाही म्हणते.

शेवटच्या पिंजऱ्यात चोवीस नंबर आहे.
बारा वर्षांपूर्वी, मी रजेवर असताना,
दुसऱ्याच एका जोडीचं दार कुणीतरी उघडं ठेवलं.
तेरा अंडी. आईनं दोन महिने वेटोळ्यात धरली,
अंगभर थरथरून ऊब दिली,
पाणी प्यायलासुद्धा उतरायची नाही.
नऊ पिल्लं. आठ कुठं कुठं दिली गेली,
तिथं कुठल्या पाटीखाली आहेत देव जाणे.
नववं हे:
डाव्या डोळ्याला खवला भिडतो,
उजव्याला नाही.

देखणा आहे. पाठीवरचे डाग
ओल्या मातीवर कुणी सावकाश बोटं उमटवावीत तसे.
पण जांबुघोड्यात सोडायला डॉक्टर सही करत नाहीत,
आसामचं पत्र तीनदा आलं, तीनदा नकार.
माझ्या मुलीला अख्खं बडोदं आहे,
ती दोन्हीकडच्या आमट्यांना नावं ठेवते.
याला नऊ फूट बाय सहा.

हे सगळं मी मीटिंगमध्ये सांगितलं.
शेवटी म्हणाले, पिल्लं मोजायची कुणात?

आणि तिथंच थांबले.
कारण वाक्य माझं नव्हतं.
कार्यालयाच्या जिन्यात, चपला शोधता शोधता
मामा आईला हेच म्हणाले होते,
याच आवाजात, जवळजवळ मायेनं.

साहेबांनी कागद पुढच्या महिन्यावर ढकलला.
जेसंगभाई दिवसभर बोलला नाही.

काल चोवीस नंबर कातीला आला.
अंग धुरकट, दोन्ही डोळे सारखेच
दुधात निळं सांडल्यासारखे.
अशा वेळी त्याला काही दिसत नाही, चाहूल लागली की फुत्कारतो.
मी भिंग काढलं, परत खिशात ठेवलं.
जाता जाता सतराच्या जाळीचं कुलूप ओढून पाहिलं.
पक्कं होतं.
तो नाक टेकवून बसला होता.

रजिस्टरात लिहिलं:
चोवीस. कात. खाल्लं नाही.
सहाव्या रकान्यात बारा वर्षं एक आडवी रेघ येते.
कालही ओढली.
हात जरा हलला.