शंभराला एक

माझं काम विचारायचं.
सकाळी दहापासून कानाला हेडफोन,
समोर तक्ता: कंपनीचं नाव, धंद्याचा प्रकार,
स्थापना, कामगार, पिनकोड, चालू की बंद.
बाहेरगावचा कोणी शोधायला बसला
तर त्याला बेळगाव सापडलं पाहिजे,
साहेब म्हणतात, तीन सेकंदांत.

बेळगाव तसं सहज सापडत नाही.
एकाच गल्लीतल्या एकाच फौंड्रीची
तीन स्पेलिंगांत तीन दुकानं होतात.
पाटीवर कन्नड, बिलावर इंग्रजी,
आत भट्टीपाशी शिव्या मराठी.
यंत्र नम्रपणे विचारतं,
तुम्हाला हे म्हणायचं होतं का?
मी हो म्हणते, नाही म्हणते,
तिन्ही नावं एका साच्यात ओतते.
थोडं सांडतंच.

उद्यमबागेतल्या भरमू मुचंडीकरांचा फोन लागेना.
म्हणजे लागायचा, ते उचलायचे नाहीत.
तीनदा उचलला नाही तर 'कायमचे बंद', असा नियम.
बाण त्या चौकोनावर नेऊन ठेवला होता मी.
पण घरची बस तिसऱ्या गेटवरूनच जाते.
उतरले.

दारातच चपलांत भुसा शिरला.
"फोन वाजूलता की," ते म्हणाले,
"हात रिकामा नव्हता.
बंद असतो तर उचलला असता."

सागवानाच्या ठोकळ्यातून
पंपाचं अर्धं पोट बाहेर आलं होतं.
उरलेलं अर्धं अजून लाकूडच.
त्यांनी पितळी पट्टी काढली, काळवंडलेली,
नातीच्या शाळेच्या पट्टीला लावून धरली.
फुटाला फूट जुळेना. त्यांची जरा लांब.
"खोटी नव्हं ती. बीड निवताना आकसतंय,
शंभराला एक. तेवढं आधीच जास्त धरायचं.
आज चुकलेलं दिसलं तरच
उद्या बरोबर येतंय."

स्थापना? बापाला ठाऊक, आणि बाप गेला.
कामगार? दोन, आणि एक कधीतरी.
वेबसाइट? त्यांनी वर पत्र्याकडे बघितलं,
जणू तिथं कुठंतरी अडकवून ठेवली असावी.
प्रकाराच्या यादीत मी 'पॅटर्न मेकर' निवडलं.
'चालू' निवडलं.

आठवडाभरानं त्यांनीच फोन केला.
"बाई, तुम्ही माझं नाव कुठं घातलंय काय?"
कोइमतूरचं कोणी नव्हतं, राजकोटचंही नाही.
वडगावातून निर्मलव्वा आली होती,
शिवणक्लासवाली, रिक्षा करून, पत्ता मोबाइलवर.
तिला ब्लाउजचे पॅटर्न हवे होते,
चौतीस ते बेचाळीस, न फाटणारे.

माझे कान तापले. चूक आमची, म्हटलं,
आत्ता प्रकार बदलते.
"थांब गं, बदलू नको. करून दिले की.
तीन एमएमचा प्लाय, कडा घासून.
पोरींच्या हाताला कुसळ लागायला नको.
तिला एवढंच विचारलं,
धुतल्यावर कापड किती आटतंय?
ती बघतच राहिली. म्हणाली,
हे आजवर कुणी विचारलं नाही.
सुती असलं तर शंभराला तीन, कधी चार."
मग जरा थांबून, स्वतःशीच,
"बिडापेक्षा जास्त की."

तक्ता उघडाच होता.
तळाशी यंत्र वाट बघत होतं:
ही माहिती अचूक आहे का?
शेजारच्या टेबलावर कुणीतरी डबा उघडला,
ठेच्याचा वास आला.
मी तो चौकोन रिकामाच सोडला
आणि पुढचा नंबर लावला.
निपाणी, तंबाखूची वखार, जुना लँडलाइन.
वाजला. कोणी नाही.
पुन्हा. कोणी नाही.
तिसऱ्यांदाही वाजून वाजून थांबला.

मी चौथ्यांदा लावला.