तक्ता क्रमांक नऊ

फोर्टातल्या एका बुडालेल्या पेढीच्या लिलावात
हे पुस्तक मला रद्दीबरोबर मिळालं.
तांब्यावर कोरून छापलेल्या खुर्च्या, पानोपान.
कडांना वाळवीची नक्षी, ती तेवढी इथली.

एकाही खुर्चीवर कुणी बसलेलं नाही.
सावल्या सगळ्या उजवीकडेच,
जणू विलायतेत सूर्य मालकाला विचारून उगवतो.
पाठीला ढाल, ढालीत कलश, कलशावरून माळ,
पुढचे पाय निमुळते, पन्हाळीदार.
मागचे साधे, चौकोनी.
भिंतीला काय दाखवायचं!

नवव्या तक्त्यात एकाच खुर्चीत दोन खुर्च्या आहेत:
डावी बाजू भरगच्च, उजवी बेताची.
खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत लिहिलंय,
खिसा पाहून यातली एक निवडावी.

बाबल मेस्त्रीला ते वाचता येत नव्हतं.
एदलजी शेठनी पानावर बोट ठेवलं,
‘आवी बार जोईए’, आणि बग्गीत बसले.
बाबलने शिसव चिरलं,
चित्राशी इमान राखून बाराच्या बारा उभ्या केल्या:
एक पाय राजाचा, एक कारकुनाचा.
कलश तेवढा ओळखीचा निघाला.
त्यावर त्याने नारळ ठेवला,
आंब्याची पानंही खोचली.

जेवायला आलेले साहेबलोक म्हणे बराच वेळ उभेच.
शेठनी कपाळाला रुमाल लावला नाही.
म्हणाले, नवीन फॅशन.
मग विचारायची कुणाची छाती?
महिन्याभरात मलबार हिलवरून दोन मागण्या,
भायखळ्याहून एक,
अगदी अश्शाच हव्यात म्हणून.
बाबलच्या पाटाला पायच नव्हते,
दोन पट्ट्या होत्या. त्यावर बसून तो भाकरी खायचा.

आमच्या धंद्यात ही गोष्ट सांगतात. मी हसण्यावारी न्यायचो.
त्यातली एक खुर्ची आता माझ्या दुकानात आहे, मटन स्ट्रीटला.
वेत फाटलाय, नारळाची शेंडी उडालीय.
वरळीच्या एकेचाळिसाव्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या,
दोन्ही पाय सारखे करून द्या.
मी विचारलं, कोणत्यासारखे?
त्यांनी डिझायनरला फोन लावला.
तो कळवतो म्हणालाय. अकरा दिवस झाले.

तोवर खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलीय.
रस्त्यावरून दिसतात
मागचे दोन पाय,
साधे,
एकसारखे.