बेचाळिसावं पान

पुस्तकं यायची खोगिरांच्या खोलीतून,
झरीन दस्तूरनं वाचून टाकलेली.
पहिल्या पानावर तिचं नाव, जांभळ्या शाईत,
खाली तिच्या पोनीचं: बिस्किट.
बिस्किटचीही सही असायची,
ओल्या खुराचा अर्धा ठसा.

सगळ्या गोष्टींत एकच मुलगी,
नाव वेगळं, वेणी तीच.
गरीब म्हणे. पण घरामागं कुरण.
कुरण म्हणजे केवढं, मी अब्बांना विचारलं.
म्हणाले, महालक्ष्मीचं मैदान बघतेस ना रोज?
त्यातनं माणसं काढून टाक.

लिलावात कुणालाच नको असलेला पोनी,
कान पाडलेला, बरगड्या मोजाव्यात असा,
ती साठवल्या पैशांत घरी आणायची
आणि एकशे ऐंशीव्या पानापर्यंत
लाल फीत त्याच्या कानाशी फडफडायची.
इंग्रजी मला निम्मंच कळे.
मार्टिंगेल अडलं की पुस्तक मिटायचं,
तबेल्यात जाऊन हात लावून यायचं.
माझा शब्दकोश खुंटीला टांगलेला होता,
तेलकट, घामाच्या वासाचा.

दुपारी क्वार्टर्सच्या मागच्या बोळात
डालड्याचे दोन डबे, वर झाडूचा दांडा.
मी, सुलभा मोरजकर आणि रामदुलारे सईसाची धाकटी.
कमरेवरनं स्वार, कमरेखाली घोडं.
स्वतःलाच टाच मारायची,
स्वतःलाच चुचकारायचं.
दांडा पडला की चार फॉल्ट,
तिसऱ्यांदा अडलं की बाद.
सुलभा मुद्दाम अडायची, धावत येऊन,
डब्यासमोर पाय रोवून.
म्हणायची, घोड्यालाच नको असेल तर?

एका पुस्तकात, बेचाळिसाव्या पानावर,
नालबंद येतो.
सतरा पुस्तकांत एकदाच.
नाव नाही. टोपी आहे.
म्हणतो, "मागचा डावा ढिला आहे, ताई,"
आणि पुढच्या ओळीत सगळे चहाला आत जातात.
मी पुढची पानं उलटून पाहिली.
त्याला चहा मिळाला का,
कुठं बसून त्यानं डबा खाल्ला.
मग पेन्सिलनं समासात लिहिलं,
दस्तगीर बाबालाल नालबंद, मूळ मिरज.
वाटलं, आणखी थोडं.
उजव्या अंगठ्याला नख नाही.
खिळे ओठांत धरतो, म्हणून कमी बोल
इथं समास संपला.

ज्युनिअर जंपिंगच्या आदल्या रात्री
बिस्किटचा नाल निघाला,
गोष्टीत निघतो तसाच, अगदी वेळेवर.
गोष्टीतली मुलगी रात्रभर जागते.
झरीन पेडर रोडला झोपली होती.
झोपावंच तिनं, सकाळी उडी तिची होती.
बॅटरी मी धरली.
अब्बांनी खूर मांडीवर घेतला,
काटा काढायला पोराचा पाय घ्यावा तसा,
आणि बिस्किटनं, लबाडानं,
आपलं अर्धं ओझं त्यांच्या पाठीवर टाकलं.
कानशीचा आवाज. जळक्या खुराचा वास.
"उजेड हलवू नकोस."

सकाळी आठ अडथळे, पांढऱ्या-लाल दांड्या,
हाजी अलीकडनं खारा वारा.
लोक हवेतला पोनी बघत होते.
मी उतरणं बघत होते,
मागचा डावा, दर वेळी मागचा डावा.
सहाव्याला दांडी हलली, विचार केला, पडली.
झरीनला पिवळी फीत मिळाली.
हेल्मेट न काढताच ती रडली.
गोष्टीत पिवळ्या फितीवर कुणी संपत नाही.
कठड्याशी अब्बा म्हणाले, "टिकला,"
आणि पुढच्या घोड्याकडे गेले.

दिवाळीनंतर तिनं एक पुस्तक परत मागितलं,
पुण्याच्या मावसबहिणीसाठी.
नेमकं तेच.
खोडरबर माझ्या कंपासपेटीत होतं,
नवं, अननसाच्या वासाचं.
मी पुस्तकाला खाकी कव्हर घातलं,
कोपरे नीट दुमडले,
आणि दिलं.