वीस सेकंदांची पावती

आटपाडीच्या पेठेत मी पिग्मी गोळा करते.
चाँदभाई आतारांच्या पंक्चरच्या दुकानातून वीस,
रसवंतीतून पन्नास,
शिंप्याकडून कधी दहा, कधी नुसतंच "उद्या या, ताई."
मशीन पावती काढतं. पातळ कागद.
पर्समध्ये चार दिवस राहिला की कोरा होतो.

विट्याच्या लग्नवाल्या फोटोग्राफरकडून
जुना कॅमेरा घेतला, साडेआठ हजार, तीन हप्ते.
त्याच्या आत अजून कुणाच्या तरी हळदीचे फोटो होते.
ते पुसले, आणि परसात
कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी तिकाटणं मांडलं.

पहिल्या रात्री तारे शेवया होऊन आले.
भाचा म्हणाला, "आत्या, हात हलला तुझा."
हात नव्हता हलला.
आटपाडी हलली होती,
पेठ, पतसंस्था, डाळिंबाच्या बागा, सगळ्यांसकट.

मग रावसाहेब सुतारानं दोन फळ्या जोडून दिल्या,
एक बिजागरी, एक बोल्ट.
"ह्याला पाट म्हणू का दार?" त्यानं विचारलं.
मी म्हटलं, बिजागरी ध्रुवाकडं करायची
आणि बोल्ट हळूहळू फिरवायचा, मिनिटाला एक फेरा.
त्यानं मजुरी घेतली नाही. कीव आली असावी.

आपल्याकडं ध्रुव फार वर नसतो.
हात लांब करून मुठीवर मूठ धरली
तर पावणेदोन मुठी.
नेमकी तिथं पुजाऱ्यांची टाकी, काळी, हजार लिटरची.
खुराडं दोनदा सरकवलं. कोंबड्या आठवडाभर रुसल्या.

कार्तिकात दव पडायला लागलं.
काच धुरकटली की पायमोज्यात गरम मीठ भरून
लेन्सच्या गळ्याशी बांधायचं,
लहानपणी आई कानाला शेकायची तसं.

वीस सेकंद. खटक्.
वीस सेकंद. खटक्.
एका फोटोत काहीच नसतं, नुसती खरखर.
पण पिग्मीवालीला हे कुणी शिकवायला नको.
वीस-वीस करत दोनशेचाळीस फोटो,
भाच्याच्या लॅपटॉपवर एकावर एक रचले
आणि डाळीच्या पिठाचं बोट लागावं
तसा एक डाग वर आला.
देवयानीची दीर्घिका.
पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेली रक्कम,
माझ्या खात्यावर जमा.

दाखवायला कुणी नव्हतं, म्हणून म्हाळू मेटकरींना दाखवलं.
त्यांची मेंढरं पोरांबरोबर कोकणाकडं गेलेली,
ते गुडघ्यापायी मागं राहिलेले.
मोबाईल लांब धरून बघितलं बराच वेळ.
"हे व्हय. दिसतंय की हे डोळ्यानं."
मी म्हटलं, मला नाही दिसत.
"सरळ बघत असशील."
मग सावकाश चुना मळत म्हणाले,
"लांडग्याकडं अंधारात सरळ बघू नये, बाय.
दिसत न्हाई.
त्याच्या जरा कडंला बघायचं. मग दिसतो."

घरी आले. खांबावरची लाईट नेहमीसारखी गेली होती,
त्या रात्री तिचे आभार मानले.
कॅमेरा बाहेर काढलाच नाही.
डोक्यावर बघितलं, मग जरा डावीकडं,
कशाकडंच नाही अशी.
होता.
फुंकर मारली तर जाईल इतका.
सरळ बघितलं की गेला. पुन्हा कडेला, पुन्हा आला.
असं कितीदा केलं, मान धरली.
दोनशेचाळीस पावत्या
आणि हे फुकट.
थोडा रागही आला, खोटं कशाला बोलू.

सकाळी चाँदभाई म्हणाले, "आज जमणार नाही, ताई."
एरवी मी त्यांच्या गल्ल्याकडं बघते.
आज बघितलं जरा कडेला:
पाण्याच्या घमेल्यात बुडवलेली ट्यूब,
तिच्यातून येणारा एकेक बुडबुडा,
आणि स्टुलाखाली औषधांची पिशवी,
मिरजेच्या दवाखान्याची.
मशीन बंद केलं.
"बरं," म्हटलं, आणि तिथंच
थोडा वेळ बसले.